शर्यत तेरा सेकंदांची, निकाल पाच दिवसांनी

प्रति,
गोव्यातल्या मराठी दैनिकांचे क्रीडासंपादक आणि वार्ताहर,
तसेच ड्रॅग रेस भरवणारी सगळी आयोजक मंडळी यांस,

स. न. वि. वि.

डिचोलीत माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. टू-स्ट्रोक इंजिन उघडून बसणारे आता थोडेच उरले, त्यामुळे वाळपई-साखळीपासून म्हापशापर्यंतची आरएक्स, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, बाळगणारी पोरं माझ्याकडे येतात. त्यांतली तीन-चार ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्ट्यावर उभी गाडी सोडून पाव मैल पळवायच्या शर्यतीला, जातात आणि त्यांच्या मागोमाग मीही जातो. गाडी तयार करणं हे माझं काम. दुसरं एक काम कुणी न सांगता मी अंगावर घेतलंय, ते म्हणजे वही लिहिणं. किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही. प्रत्येक रनचं टायमिंग, कुठली लेन, हवा कशी होती, कार्ब्युरेटरला कितीचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) होता, सगळं तिच्यात. त्या वहीच्या भरवशावर हे पत्र लिहितोय.

गेल्या मोसमात आमच्या एका पोराने फायनल मारली. रविवारी संध्याकाळी. गोव्यात ती बातमी छापून आली शुक्रवारी, आणि बातमीत तो हरला होता.

मला ते कळलं त्याच्या आईकडून. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना ती गॅरेजवर थांबली. पिशवीतून आधी सुक्या सुंगटांची पुडी काढून स्टुलावर ठेवली, मग खालचा पेपर काढला. चार ओळींची बातमी. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे तिच्या मुलाचं नाव दुसऱ्या क्रमांकाला होतं. म्हणाली, ‘मेस्त, हा तर घरी येऊन पहिला आलो म्हणून सांगत होता.’ रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ट्रॉफी घरात होती, पण तिच्यावर नुसतं ‘विनर’ कोरलेलं, ना नाव ना तारीख. तसली ट्रॉफी म्हापशाच्या बाजारातही मिळते, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक. संध्याकाळी पोरगा आला, पेपर वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘मेस्त, जिखलो हांवच न्हय?’ स्वतः शर्यत पळवलेला मुलगा मला विचारतो की जिंकलो तो मीच ना.

चूक कशी झाली ते मी नंतर शोधून काढलं. त्यात कुणाचा डाव नव्हता, म्हणून तर जास्त लिहावंसं वाटतं. ती चूक पुन्हा होणार, आणि दर वेळी अगदी साळसूदपणे होणार.

त्या फायनलची स्लिप, म्हणजे यंत्रातून निघालेली वेळेची चिठ्ठी, माझ्याकडे आहे. आमचा पोरगा: रिॲक्शन ०.०७१, वेळ १३.३८४. समोरचा: रिॲक्शन ०.१९६, वेळ १३.३०७. आता हे आकडे कुणाही शहाण्या माणसापुढे ठेवा आणि विचारा, कोण जिंकलं? तो सांगेल, १३.३०७ वाला. आयोजकांच्या कंप्युटरनेही तेच केलं. कुणीतरी यादी कमी वेळाप्रमाणे लावली, वरचं नाव पहिलं, खालचं दुसरं, आणि ती यादी पेपरांकडे गेली. उपसंपादकाने ती जशीच्या तशी घेतली. त्याने तरी दुसरं काय करावं?

पण ड्रॅग रेसमध्ये घड्याळं दोन असतात. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण सोडलेले असतात, प्री-स्टेज आणि स्टेज, एकमेकांपासून सात इंचांवर. पुढचं चाक दुसऱ्या किरणात आलं की गाडी स्टेजला लागली. मग ट्रीवरचे, म्हणजे समोरच्या दिव्यांच्या खांबावरचे, तीन पिवळे दिवे पेटतात. एका पद्धतीत ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक करून खाली येतात, दुसऱ्या पद्धतीत तिन्ही एकदम पेटतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल, खेळ खलास. हिरवा लागल्यापासून चाक किरण सोडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन. आणि रनचं टायमिंग सुरू होतं ते हिरव्या दिव्यावर नाही, चाक जागचं हललं की. दिवा हिरवा झाल्यावर एखादा रेषेवर उभ्या उभ्या जांभई देऊन निघाला तरी त्याचं टायमिंग खराब होत नाही. शर्यत मात्र हातची जाते, कारण जोडीच्या शर्यतीत जिंकतो तो शेवटच्या रेषेवर आधी पोचणारा.

तेव्हा बेरीज करायची. ०.०७१ अधिक १३.३८४ म्हणजे १३.४५५. ०.१९६ अधिक १३.३०७ म्हणजे १३.५०३. आमचा पोरगा ०.०४८ सेकंदाने पुढे. शेवटच्या टप्प्यात ताशी १५० किलोमीटरचा वेग धरला तर हे अंतर होतं दोन मीटर, म्हणजे एक आख्खी आरएक्स. मी रेषेपाशीच होतो, नुसत्या डोळ्यांनी दिसलं. समोरच्याची गाडी जास्त पळाली यात वाद नाही, आणि ज्याने ती बांधली त्याचं मी तिथेच जाऊन कौतुक केलं. पण दिवा आमच्या पोराने आधी ओळखला. ड्रॅगमध्ये यापेक्षा गोड विजय नाही, कारण तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. नेमका तोच पेपरात उलटा झाला.

यात आणखी एक पेच आहे आणि तो आयोजकांनी नीट ऐकावा. सगळ्या शर्यती जोडीच्या नसतात. काही ठिकाणी प्रत्येकाला ठरावीक रन देतात आणि गटातल्या सर्वांत कमी वेळाप्रमाणे क्रमांक लावतात. तिथे रिॲक्शनला किंमत शून्य, वरची यादी तिथे अगदी बरोबर ठरली असती. कुठे पात्रता फेरी वेळेवर आणि पुढच्या फेऱ्या जोड्या लावून. मग निकालाच्या कागदावर पद्धत लिहिलेली नसेल तर गोव्यात टेबलावर बसलेल्या माणसाने ओळखावं कसं? ‘बाद फेरी, आधी पोचणारा विजयी’ एवढे पाच शब्द माथ्यावर असते तर आमचं सगळं महाभारत टळलं असतं.

आता उशिराबद्दल.

आपल्याकडे स्वतःची ड्रॅग स्ट्रिप नाही. पोरांना पळायचं तर बाहेर जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय पातळीवरच्या ड्रॅग शर्यती होतात, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरत आलीय. आम्ही टेम्पोत गाड्या बांधून चोर्लाच्या घाटाने बेळगाव गाठतो आणि तिथून पुढे. जाता-येता दोन दिवस रस्त्यात, तीन दिवस तिथे, पेट्रोल-ऑइल, टायर, प्रवेश फी. पोरांच्या पगारातून हे सगळं निघत नाही. एखादा स्पेअर पार्टवाला, एखादा टायरवाला चार पैसे लावतो आणि त्याला बदल्यात एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे सोमवारी सकाळी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाला पेपर दाखवता यावा. शुक्रवारी आलेला पेपर त्याच्या काय कामाचा? तोवर गोव्यात दोन फुटबॉलचे सामने, एक जत्रा आणि एक मंत्र्याचा वाढदिवस होऊन गेलेला असतो.

उशीर होतो कुठे, तेही मी पाहिलंय. शेवटची रन संपते सहा-साडेसहाला. त्यानंतर जिंकलेल्या गाड्या आत घेतात, इंजिन उघडून सीसी मोजतात, वजन करतात. तात्पुरता निकाल फलकावर लागतो, त्यावर वेळ टाकलेली असते आणि हरकत घ्यायला साधारण अर्धा तास मिळतो. हे सगळं धरूनही आठ-साडेआठला पक्का कागद तयार असतो. सह्या झालेला कागद. मग तो जातो कुठे? बक्षीस समारंभात. पाहुणे येईपर्यंत थांबा, फोटो होईपर्यंत थांबा, मग जेवण, मग ज्याच्या लॅपटॉपमध्ये निकाल आहे तो विमान पकडायला गेलेला. सोमवारी सुट्टी. मंगळवारी प्रसिद्धीपत्रक लिहायला घेतात आणि त्यात पहिले तीन परिच्छेद प्रायोजकांचे. बुधवारी ते पेपरांकडे पोचतं, गुरुवारी कुणीतरी त्याचं मराठी करतं. शुक्रवार उजाडला.

एक गोष्ट बोलू का? आपल्या गोव्यात मटका बेकायदा आहे. तरी ओपनचा आकडा आणि क्लोजचा आकडा काणकोणपासून पेडण्यापर्यंत त्या त्या वेळेला गल्लीबोळात पोचतो, आणि आकडा चुकीचा पोचला असं मी पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही ऐकलेलं नाही. त्याला ना कार्यालय, ना प्रसिद्धीप्रमुख. ज्याचा पैसा लागलेला असतो तो आकड्याची वाट बघत असतो, म्हणून आकडा पोचतो. आमचाही पैसा लागलेला असतो हो.

आणि पेपरवाल्यांनो, तुम्हाला निकाल छापता येत नाहीत असं म्हणायची माझी हिंमत नाही. भजन स्पर्धेचा निकाल तुम्ही छापता तेव्हा पहिलं, दुसरं, तिसरं पथक, उत्तेजनार्थ, उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट हार्मोनियमवादक, उत्कृष्ट पखवाजवादक, परीक्षक कोण, एकूण पथकं किती, सगळं असतं आणि नावात काना-मात्रेची चूक नसते. चवथीच्या माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची आरास) स्पर्धेचंही तेच. ज्याला उत्तेजनार्थ मिळालं त्याचा वाडासुद्धा येतो. म्हणजे हात सरावाचा आहे. फक्त ड्रॅगचे आकडे कसे वाचायचे ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ही उठाठेव.

आकडे वाचायचे म्हणजे काय, एक नमुना सांगतो. बातमीत हमखास लिहिलेलं असतं, ‘४०० मीटरची शर्यत’. ती असते पाव मैलाची, म्हणजे १३२० फूट, ४०२.३३६ मीटर. तुम्ही म्हणाल, मेस्त, दोन मीटरांवरून काय भांडता? ताशी १५० च्या वेगाला ते दोन मीटर ३३ सेंटिमीटर कापायला ०.०५६ सेकंद लागतात. आमची फायनल ०.०४८ ने सुटली होती. तुमच्या बातमीतल्या गोल आकड्यात आमची आख्खी फायनल बसते आणि वर जागा उरते.

तसंच दशांशाचं. १३.३८४ चं कुणी १३.४ करतं, १३.३०७ चं १३.३. एकदा तर दोन्ही १३.३ छापून ‘अटीतटीची लढत’ असा मथळा दिला होता. तीन आकडी दशांश ठेवा, तो शोभेसाठी नसतो. टॉप स्पीड म्हणून जो आकडा येतो तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो, आणि परदेशी यंत्र असेल तर तो मैलांतही येतो. ताशी ९३ मैल म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. मैलातला आकडा किलोमीटर म्हणून छापला की बातमी वाचणाऱ्याला वाटतं, यापेक्षा आमच्या पर्वरीच्या रस्त्यावर कदंबची बस जोरात जाते.

जागेची गोष्टही तशीच. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी. इंजिनला तेवढी हवा कमी मिळते, गाडी तेवढी दबते, जेट बदलावा लागतो. चेन्नईचा ट्रॅक जवळपास समुद्राच्या पातळीला, पण उकाडा असा की दुपारची रन आणि सकाळची रन एकाच गाडीची वाटत नाही. म्हणून ‘गेल्या महिन्यापेक्षा कामगिरी घसरली’ असं लिहिण्याआधी दोन शर्यती कुठे झाल्या ते बघावं. आमच्या एका पोराने असं वाचून महिनाभर क्लच बदलायचा हट्ट धरला होता. क्लचला काही झालं नव्हतं.

ज्या देशात हा खेळ वाढला तिथेही हे सगळं सुरळीत झालेलं नाही, हे मी मान्य करतो. अमेरिकेत १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांता ॲनाच्या विमानतळावर घड्याळ लावून रीतसर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. पुढे १९५७ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रुक्सव्हिलला डॉन गार्लिट्सने ताशी १७६.४० मैल नोंदवले, तर कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी सरळ सांगितलं की तिथलं घड्याळच खोटं आहे. माणूस शर्यत जिंकून बसलेला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही! त्याला पुढे तिकडे जाऊन पळून दाखवावं लागलं. १९६४ मध्ये त्याने २०० मैलांचा टप्पाही ओलांडला. झेंडा दाखवणाऱ्या माणसाच्या जागी दिव्यांची ट्री आली ती १९६३ मध्ये. राष्ट्रीय विक्रम मान्य करायचा तर त्याच स्पर्धेत एक टक्क्याच्या आत बसणारी दुसरी रन दाखवावी लागे, असा नियमही त्यांनी केला होता. एकच आकडा पुरेसा नाही, त्याला साक्षीदार हवा. किती साधी गोष्ट.

आणि त्यांच्या बातम्या उचलतानाही जपायला हवं. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा या स्पर्धकाचा अपघाती मृत्यू झाला, आणि त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार या सगळ्यात वेगवान दोन गटांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं गेलं. आपल्याकडे मधूनच बातमी येते, ‘अमुक गाडीने पाव मैल पावणेचार सेकंदांत कापला’. पाव मैल नाही हो तो, १००० फूट. ३२० फुटांचा फरक आहे.

आता आपल्याच घरातली एक तक्रार. रस्त्यावर रात्री दोन पोरं गाड्या पळवतात, कुणीतरी मरतो, आणि बातमीचा मथळा येतो ‘ड्रॅग रेसने घेतला बळी’. ती ड्रॅग रेस नसते. तिथे ट्री नसते, हेल्मेट बघणारा नसतो, रुग्णवाहिका उभी नसते, समोरून येणारं वाहन मात्र असतं. आमची पोरं चोर्ला चढून दोन दिवस प्रवास करून जातात ती रस्त्यावर पळवायची नाही म्हणूनच. माझ्या गॅरेजमध्ये पाटी लावली आहे, रस्त्यावर पळवणाऱ्याची गाडी इथे उघडली जाणार नाही. दोन गिऱ्हाईकं त्यापायी गेली. खऱ्या शर्यतीला तुमच्याकडे चार ओळी आणि शुक्रवार, आणि रस्त्यावरच्या प्रकाराला पहिलं पान आणि तेही आमच्या खेळाचं नाव लावून. मग एखादी आई मुलाला शर्यतीला पाठवत नाही, यात तिचं काय चुकतं?

माझी स्वतःचीही एक चूक सांगतो, नाहीतर म्हणाल की मेस्त फक्त दुसऱ्यांच्या गाड्या उघडतो. एकदा मी शेवटच्या रेषेपलीकडे उभा होतो. रन झाली, फलकावर डाव्या-उजव्या लेनचे आकडे आले, मी ते तसेच व्हॉट्सॲपवर टाकले. घाईत हे लक्षातच आलं नाही की रेषेपलीकडून परत सुरुवातीच्या दिशेने बघताना माझी डावी ती स्पर्धकाची उजवी. दोघांचे आकडे अदलाबदल झाले. पंधरा मिनिटांत ते डिचोली, फोंडा आणि मडगावच्या ग्रुपवर फिरले. मी दुरुस्ती टाकली, पण दुरुस्तीला कुणी पुढे ढकलत नाही. दोन महिन्यांनी फोंड्याच्या एका माणसाने तोच उलटा आकडा मला ऐकवला, वर ‘पक्की खबर आहे’ म्हणून. तेव्हापासून मी कागद हातात आल्याशिवाय एक आकडा पाठवत नाही. उशीर नको म्हणणारा मी, पण त्या अर्ध्या तासाची हरकतीची मुदत संपेपर्यंत गप्प बसतो.

कारण घाईचाही एक किस्सा माझ्यापाशी आहे. १०० सीसीच्या आतल्या गटात एकजण पहिला आला, संध्याकाळीच बातमी गेली, सोमवारी फोटोसकट छापून आली. इकडे रात्री गाडी उघडली. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०, म्हणजे ९८ सीसी. याच्या सिलिंडरला बोअर निघाला ५१. एकच मिलिमीटर, पण ९८ चे १०२ होतात. गाडी बाद, दुसऱ्याला पहिला नंबर. पेपरात मात्र ते कधीच आलं नाही. तो बाद झालेला माणूस आजही ते कात्रण फ्रेम करून दुकानात लावून बसलाय, आणि खरा जिंकलेला त्याच्याच दुकानातून स्पार्क प्लग घेतो.

यावर उपाय म्हणजे थांबणं नव्हे. सोमवारी छापा, पण तिथेच ‘तात्पुरता निकाल’ असं लिहा. मंगळवारी बदलला तर त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापा. आमच्या पोराच्या बाबतीत मी फोन केला, तुमच्यातल्या एका सज्जन माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुरुस्ती आलीही. दहा दिवसांनी, आतल्या पानावर, निविदा सूचना आणि निधन वार्तेच्या मध्ये. ‘नजरचुकीने’ या शब्दाने सुरू होणारी दीड ओळ. त्याच्या आईला ती मीच दाखवली. तिने आधी शेजारचं निधन वाचलं, ओळखीतलं होतं म्हणे.

आयोजकांकडे माझं मागणं फार नाही. प्रत्येक गटाच्या निकालावर पद्धत लिहा. दोघांची रिॲक्शन, पहिल्या ६० फुटांचा वेळ, पूर्ण वेळ, वेग आणि लेन हे सगळं द्या, नुसतं जिंकणाऱ्याचं नको. हरलेल्याचा आकडा नसेल तर जिंकलेल्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही. लेन सुरुवातीच्या रेषेवरून बघून लिहा, आणि तसं लिहिलंय हेही लिहा. सह्या झालेल्या कागदाचा फोटो काढायला एक मिनिट लागतं, तो बक्षीस समारंभाआधी पाठवा. पाहुण्यांचा फोटो नंतर आला तरी चालेल, आमची अजिबात हरकत नाही. आणि कृपा करून त्या यादीत मोबाइलवर किंवा जीपीएसच्या डबीवर मोजलेले आकडे मिसळू नका. हातातल्या स्टॉपवॉचला माणसाच्या बोटाचाच ०.२ सेकंदांचा फरक पडतो, ताशी १५० च्या वेगाला ते आठ मीटर होतात. व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे सुद्धा जवळजवळ दीड मीटर.

हे सगळं कागदावर आणि लवकर का हवं, त्याचं आणखी एक कारण आहे. स्पर्धकाला जी स्लिप मिळते ती कदंबच्या तिकिटासारखी असते, थर्मल कागदाची. माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात अशा साठ-सत्तर आहेत. सुरुवातीच्या आता कोऱ्या आहेत. उजेडाकडे तिरक्या धरल्या तर कुठे एखादा शून्य दिसतो. एका पोराने पहिल्या शर्यतीची स्लिप हौसेने गाडीच्या डिकीत ठेवली होती. एप्रिलच्या उन्हात पंधरवड्यात ती पांढरी झाली. त्याच्या त्या रनचा या जगात एकच पुरावा उरलाय, माझी वही. आणि माझी वही पावसाळ्यात भिजते, तिला दोनदा उंदीर लागलाय.

तेव्हा एक ठरवूया. तुमच्यापैकी प्रत्येक दैनिकाने मला एक नंबर कळवावा, रविवारी रात्री ड्युटीवर जो असेल त्याचा. पुढच्या मोसमात आमची पोरं जिथे जातील तिथून पक्क्या निकालाच्या कागदाचा फोटो रात्री साडेनवाच्या आत तुमच्याकडे पोचेल. आम्ही रात्रीच परत निघतो आणि घाटात रेंज नसते, म्हणून पाठवल्याशिवाय टेम्पो हलवणार नाही, हा माझा शब्द. काही समजलं नाही तर फोन करा, कितीही वाजता. जमलं तर एखाद्या दुपारी गॅरेजवर या. चहा पाजतो, स्लिप समोर ठेवतो आणि दहा मिनिटांत दोन घड्याळांची बेरीज शिकवतो. तुमच्यातला एकजण मागे आला होता, त्याला पाच मिनिटं पुरली.

या पत्रासोबत त्या फायनलच्या स्लिपचा फोटो आणि वहीचं ते पान जोडलं आहे. त्याच पानावर खाली एका जुन्या रनची नोंद आहे, डाव्या-उजव्या लेनचे आकडे खोडून पुन्हा लिहिलेले. ती माझी व्हॉट्सॲपवाली चूक. खोडलेला आकडा वाचता येईल एवढाच खोडला आहे.

आपला,
डिचोलीचा एक गॅरेजवाला